कच्ची फोड

ता. मानवत, जि. परभणी
११ फेब्रुवारी

प्रिय विजू,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे पत्र न फोडताच कपाटावर टाकशील, अशी भीती वाटते. टाकू नकोस. फोन तू उचलत नाहीस, त्याचा मला राग नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. वाचून झाल्यावर चुलीत घातलंस तरी चालेल, पण शेवटच्या ओळीपर्यंत वाच. बारावीनंतर मी एवढं मोठं काही लिहिलेलंच नाही. आशाताई म्हणून आरोग्य केंद्राची रजिस्टरं भरते तेवढंच. त्यात रकाने असतात, त्यामुळे काय कुठं लिहायचं ते ठरलेलं असतं. इथं रकाने नाहीत, म्हणून काल दुपारपासून तीन कागद वाया घालवले.

आधी घरचं सांगते. आपल्या मेंढरांना यंदा अकरा कोकरं झाली. त्यातली दोन जुळी. तुझा दादा महिनाभर खतासाठी लोकांच्या रानात मेंढरं बसवत फिरत होता, परवाच आपल्या मेंढरांच्या वाड्यावर परत आला. आबांची तब्येत तशी बरी आहे. सकाळी काठी घेऊन बांधापर्यंत जातात, शेळ्यांकडं बघत उभे राहतात, परत येतात. पण जेवायला बसले की अर्ध्या भाकरीवर हात धुतात. मी वाढायला गेले की म्हणतात, “ऱ्हाऊ दे, बाई. पोट भरलं.” माय ज्या बाजेवर झोपायची ती बाज परवा उन्हात काढून त्यांनी स्वतः तिची दोरी आवळली. आवळून झाल्यावर तिच्यावर बसले नाहीत. खाली जमिनीवरच बसले. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

तुला आठवतं का, आठवीत असताना तुला टायफॉइड झाला होता? तू पंधरा दिवस शाळेत आली नव्हतीस. बाकावर एकटी बसून मला करमेना, म्हणून एका शनिवारी शाळा सुटल्यावर घरी न जाता मी तुझ्या गावची एसटी धरली. आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं जायचं नाही, एवढं मला ठाऊक होतं. मानवतच्या स्टँडसमोरच्या गाड्यावरून मी एकच सफरचंद घेतलं. तुझी माय ते हातात घेऊन किती वेळ बघत होती! मग तिनं विळीवर त्याच्या फोडी केल्या, एकेक फोड तुझ्या हातात दिली. एक फोड मी तिच्यापुढं धरली तर ती मागं सरकली. म्हणाली, “मला काय झालंय सेब खायला? ते आजाऱ्याचं खाणं हाय, पोरी.” तिनं फक्त विळीला लागलेला रस बोटानं पुसून जिभेला लावला. त्या दिवशी मला ती पहिल्यांदा आवडली. पुढं सात वर्षांनी तूच हट्ट धरून तुझ्या दादाला आमच्या घरी आणलंस आणि मला ह्या घरात घेऊन आलीस. लग्नाच्या मांडवात तू मला सांगितलं होतंस, “तू माझी वहिनी झालीस तरी मी तुला दिपेच म्हणणार.” आणि तसंच म्हणत आलीस.

श्रावणात मायला झटका आला, तेव्हा तू दुसऱ्याच दिवशी पूर्णेहून परभणीला दवाखान्यात आलीस. उजवा हात, उजवा पाय गेला होता, तोंड वाकडं झालं होतं. हात-पाय हळूहळू येतील, असं डॉक्टर म्हणाले. पण त्याहून मोठी अडचण गळ्याची होती. पाणी दिलं की ठसका लागायचा. नाकात नळी घातली होती. ती निघायच्या दिवशी तिथल्या डॉक्टर मॅडमनी मला बाजूला बसवून सगळं शिकवलं. तू तेव्हा तुझ्या लहानग्या अर्पितासाठी परत गेली होतीस, त्यामुळे ते तू ऐकलं नाहीस. आज वाटतं, तू तिथं असायला हवी होतीस. मॅडम म्हणाल्या, झटक्यानं हिचा गळा आळशी झालाय. घास अन्ननलिकेत जायचा तो श्वासाच्या नळीत जाऊ शकतो. म्हणून पातळ पाणी नको आणि कडक तुकडाही नको. मऊ, घट्ट, चमच्यावर धरलं तर पटकन न घसरणारं द्यायचं. ताठ बसवायचं, हनुवटी छातीकडं खाली घ्यायला लावायची, अर्धा चमचा द्यायचा, गिळलं का ते गळ्याकडं बघून ठरवायचं, मगच दुसरा. खाल्ल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. आणि तिला खाऊ घालताना दुसरं कुठलंही काम करायचं नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

फळ कुठलं द्यावं, असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, सफरचंद द्या, पण शिजवून. मी आशाताई आहे म्हटल्यावर त्यांनी मला नीट उकलून सांगितलं. सफरचंद सालीसकट कच्चं खाल्लं तर त्यातलं क जीवनसत्त्व पुरं मिळतं. सालीतल्या चोथ्यानं पोट साफ राहतं, चावायला लागतं म्हणून भूकही धरून राहते. ज्याचे दात आणि गळा धड आहे त्यानं ते तसंच खावं. शिजवलं की क जीवनसत्त्व थोडं कमी होतं, पण गर मऊ पडतो, पोटाला हलका जातो, आणि त्याच्या अंगचा जो चिकटपणा असतो तो बिघडलेलं पोट सावरतो. शिजवल्यानं फळ काही मरत नाही. मी विचारलं, मग ह्यांना कच्चं कधी द्यायचं? त्या हसल्या. म्हणाल्या, “सफरचंदात काही वाईट नाही हो. ह्यांचा गळा अजून तयार नाही. तो तयार झाला की मी सांगेन. तोपर्यंत एक फोडही नाही.” ते वाक्य मी माझ्या वहीत लिहून खाली रेघ मारली.

मग रोज सकाळी तेच. साल काढायची, मधला बियांचा भाग काढायचा, बारीक फोडी करून डब्यात चार चमचे पाण्यात कुकरला दोन शिट्ट्या, वरून चिमूटभर दालचिनी. मग वाटीत घोटून घोटून एकही गाठ ठेवायची नाही. सुरुवातीला माय चार चमच्यांत थकायची. दसऱ्यापर्यंत अख्खी वाटी संपवायला लागली. पोट नीट झालं, गाल जरा वर आले. मला लय अभिमान वाटायचा, विजू. गावात सहा महिन्यांच्या लेकराला वरचं काय द्यावं म्हणून बाया विचारायला आल्या की मी मायकडं बोट दाखवायची. सांगायची, बघा, लेकराला आणि म्हाताऱ्याला सफरचंद असं उकडून द्यायचं, लेकराला नीट चावता यायला लागलं की कच्चं. बाया ऐकायच्या. मला वाटायला लागलं होतं की मायचा जीव माझ्या त्या वाटीनंच धरून ठेवलाय.

भाऊबीजेला तू आलीस. पिशवीभर सफरचंदं घेऊन आलीस, लालभडक, नांदेडच्या बाजारातून खास आणलेली. मायनं डाव्या हातानं तुझं तोंड चाचपलं आणि अर्ध्या ओठानं “इजू” म्हणाली. तीन महिन्यांत तिनं उच्चारलेलं ते पहिलं नाव होतं. मी तिचं दोन वेळचं हागणं-मुतणं काढत होते, पाठीला तेल लावत होते, पण माझं नाव तिच्या तोंडून आलं नव्हतं. हे मी तेव्हा हसून घेतलं. सगळ्यांना सांगितलं, बघा, लेक आली आणि बोलायला लागली. आत काय झालं ते कुणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नाही.

दुसऱ्या दिवशी आपलं भांडण झालं ते साऱ्या आळीनं ऐकलं. मी कुकर लावत होते आणि तू म्हणालीस, “दिपे, उकडून उकडून त्यात ऱ्हातंय काय? निस्ता चोथा! सगळी ताकद पाण्यात चालली.” तू मोबाइलवर बघितलं होतंस की सफरचंद सालीसकट, उपाशीपोटी, कच्चंच खावं. मी म्हणाले, “मला दवाखान्यात शिकवलंय.” तू म्हणालीस, “तुला शिकवलंय, पण माय माझी हाय.” मग मीही नको ते बोलले. तीन महिने कुठं होतीस, असं विचारलं. तुझं तोंड एवढंसं झालं. घरी सासू, लहान लेकरू, रामकिशन भावजींची रेल्वेची पाळी, हे मला माहीत नव्हतं का? माहीत असूनच मी बोलले. खरं तर तू म्हणत होतीस ते सगळंच खोटं नव्हतं. कच्च्यात जास्त असतं, हे मॅडमनीही सांगितलं होतं. पण तेवढं कबूल करायलाही माझी जीभ वळली नाही.

शनिवारी मी लसीकरणाला शाळेवर गेले. येऊन बघते तर तू मायला बाजेवर टेकून बसवलं होतंस, आणि सुरीनं कागदासारखी पातळ फोड कापून, साल काढून तिच्या डाव्या गालात ठेवत होतीस. शेजारच्या पार्वतीकाकू दारात उभ्या राहून कौतुकानं बघत होत्या. माय ती फोड चघळत होती. विजू, तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. एकदा बारीक ठसका लागला, तू पाठीवरून हात फिरवलास, तो थांबला. मी काय केलं? मी तुझ्या हातातली सुरी हिसकावून घेतली आणि सगळ्यांदेखत ओरडले, “मारायचीय का मायला?” हे वाक्य पुढं काय काय करणार आहे ते मला तेव्हा कळलं असतं तर मी जीभ चावून तोडली असती. रविवारी तू गेलीस. जाताना तू मला नमस्कार केला नाहीस आणि मी तुझी ओटी भरली नाही.

पुढचं तुला माहीत आहे तसं आधी लिहिते. तू गेल्यावर पुढच्या शनिवारी मायला ताप भरला. छातीत घरघर. तुझ्या दादानं जीप केली, आम्ही परभणीला नेलं. ह्या वेळी डॉक्टर दुसरे होते, तरुण. छातीचा फोटो काढून आले आणि म्हणाले, उजव्या फुफ्फुसात न्यूमोनिया झालाय, अन्नाचा कण आत गेला असावा. मग त्यांनी विचारलं, “कच्चं, कडक काही खाऊ घातलं होतं का?” मी तोंड उघडायच्या आत तुझा दादा म्हणाला, “माझ्या बहिणीनं कच्चं सेब चारलं व्हतं, सायेब.” डॉक्टरांनी विचारलं, कधी? तो म्हणाला, आठ दिवस झाले. डॉक्टरांनी फोटो परत उजेडाला धरला. “आठ दिवस? मग मधले दिवस ताप नव्हता?” त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, “नव्हता.” त्यांनी पुन्हा विचारलं, “मध्ये दुसरं काही?” मी मायच्या पायावरचं पांघरूण सारखं करायला लागले. ते नर्सनं हाक मारली म्हणून निघून गेले. एवढंच झालं. एवढ्याच वेळात झालं.

नऊ दिवसांनी, सोमवारी, माय गेली. तू शेवटचे चार दिवस तिथंच होतीस. फरशीवर बसून तिचे तळवे चोळत होतीस. तुला दादानं दवाखान्याच्या जिन्यात काय सांगितलं ते मला दिसत होतं, कारण तू जिन्यातून वर आलीस ती दुसरीच बाई होऊन आलीस. मग दहाव्याच्या दिवशी बायांच्या घोळक्यात पार्वतीकाकू म्हणाल्या, “लेकीच्या हातचं सेबच बाधलं म्हातारीला. सुनेनं लय सांगितलं व्हतं. म्या माझ्या डोळ्यानं बघितलं.” तू ताटावरून उठलीस, माझ्याजवळ आलीस आणि वाकून माझ्या पायावर डोकं ठेवलंस. म्हणालीस, “वहिनी, तुमचं ऐकाय पायजे व्हतं. मी मारलं मायला.”

वहिनी म्हणालीस. तुमचं म्हणालीस. मी तुला उठवलं, गळ्याशी धरलं, रडले. लोकांना वाटलं, केवढ्या मनाची सून आहे! तू न जेवता मानवत रोडला गाडी धरायला निघून गेलीस. तुझा दादा तुला सोडायला उठला नाही. नंतर संक्रांतीला तुला आणायचं मी काढलं, तेव्हा तो म्हणाला, “तिला ह्या दारात बघितलं की मला मायचं श्वास वढणं आठवतंय.” मी त्यावरही गप्प राहिले.

मागच्या आठवड्यात रामकिशन भावजी आले होते. तुला न सांगता आले. सुट्टी काढून, डबासुद्धा न घेता. चहा पुढं ठेवला तर तो तसाच गार झाला. त्यांनी सांगितलं, तू अर्पिताला हातानं भरवत नाहीस. ताट पुढं सारतेस आणि लांब बसतेस. मागं तिला जुलाब लागले, डॉक्टरांनी सफरचंद उकडून घोटून द्या म्हणून सांगितलं, तर तू कुकर लावलास, घोटलंस, वाटी भरलीस आणि सासूबाईंच्या हातात दिलीस. ती पोर आई, आई करत होती. तू म्हणालीस म्हणे, “माझ्या हातचं नको. माझा हात चांगला न्हाई.” शेवटी भावजी मला म्हणाले, “तुमी आशाताई हाव. तुमच्यावर तिचा लय विश्वास हाय. तुमी समजावून सांगा तिला, वहिनी.” ते गेल्यावर मी आतल्या खोलीत कणगीला टेकून खूप वेळ बसून राहिले. शेळ्या ओरडत होत्या तरी उठले नाही.

आता ऐक, विजू. तू गेल्यावर सोमवारी सकाळी मी नेहमीसारखी वाटी घेऊन बसले. मायनं ओठ मिटून घेतले. चमचा लावला तर मान फिरवली. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. भात खायची, खिचडी खायची, पण सफरचंदाची वाटी आली की मान फिरवायची. आणि एकेक अक्षर जोडून म्हणायची, “इजू... करकर.” तिला तुझी फोड हवी होती. दाताखाली आवाज होणारी. मी रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावून बघत होते, कारण तुझ्या फोडीनं काही झालं असतं तर ते तुला ऐकवायचं होतं मला. हो, तेही मनात होतं. पण पाच दिवस ताप नव्हता, खोकला नव्हता, छाती स्वच्छ होती. तुझ्या फोडीनं मायला काहीही झालं नव्हतं. उलट तिला हसू आलं होतं.

गुरुवारी तुझा दादा आणि आबा मेंढरं घेऊन लांब गेले होते. मायनं पुन्हा वाटी लोटली, ह्या वेळी हातानं, आणि ती माझ्या मांडीवर सांडली. मला एकाएकी भरून आलं. तीन महिने मी गाठ न ठेवता घोटलं, आणि लेकीनं एका फोडीत जिंकलं. मी तूच आणलेल्यातलं एक सफरचंद उचललं आणि कापलं. तुझी फोड कागदासारखी होती, साल काढलेली. माझी जाड होती, सालीसकट. मी रागानं कापली होती, विजू, आणि लाडानंही. दोन्ही होतं, कुठलं किती ते मला आजही सांगता येत नाही. मला तिच्या तोंडून माझं नाव ऐकायचं होतं. मी फोड तिच्या दाताशी धरली. ती चावली, करकन आवाज झाला, आणि ती अर्ध्या तोंडानं हसली. म्हणाली, “ग्वाड.” मग माझ्याकडं बघून म्हणाली, “दिपा.” मी उरलेला तुकडा तिच्या गालात सारला. तेवढ्यात फोन वाजला. वरच्या आळीतल्या रेणुकाला कळा सुरू झाल्या होत्या, गाडी बोलवायची होती. मी उठून दारात गेले. एक मिनिट, फार तर दीड. हनुवटी खाली घ्यायला लावली नव्हती. गिळलं का ते बघितलं नव्हतं. परत वळले तर माय निळी पडली होती. बोट घालून काढता आलं तेवढं काढलं, पालथी केली, पाठीत थापट्या मारल्या. श्वास आला. पण सगळा तुकडा बाहेर आला नाही, हे मला माहीत होतं. मी तिला पुसलं, लुगडं बदललं, उरलेलं सफरचंद शेळीला टाकलं. संध्याकाळी तुझ्या दादानं विचारलं, माय जेवली का? मी म्हणाले, जेवली. शनिवारी ताप आला.

मॅडमना मी नंतर जाऊन विचारलं. त्यांना पहिल्यांदाच सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, अशा माणसाच्या श्वासाच्या नळीत स्वतःची लाळसुद्धा जाते, तुमच्याच तुकड्यानं झालं असं शपथेवर सांगता येणार नाही. त्यांनी मला धीर द्यायला म्हटलं असेल. तो धीर मी घेतला नाही आणि तूही माझ्या वतीनं घेऊ नकोस. माझ्या वाट्याला काय येतं ते मला कळतं. तुझ्या वाट्याला मात्र ह्यातलं काहीही येत नाही.

परवा दुपारी मी हे सगळं तुझ्या दादाला आणि आबांना सांगितलं. आबा उठले. काठी घेतली आणि बांधाकडं चालू लागले. दादानं माझ्याकडं बघितलंही नाही. त्या रात्री तो घरी जेवला नाही, वाड्यावरच राहिला. काल सकाळी आला आणि उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, “तिला लिहून दे. तोंडानं सांगायला गेलीस तर तू परत अर्धंच सांगशील. म्या नेऊन देतो.” तेव्हा हे पत्र घेऊन तो स्वतः तुझ्या दारात आला असेल. विजू, त्याला आत घे. जिन्यात तुला जे बोलला त्याची माफी कशी मागायची ते त्याला येत नाही. तो नुसता बसून राहील. त्याला जेवायला वाढ. पार्वतीकाकूंना आणि त्या दिवशी ताटावर होत्या त्या प्रत्येक बाईला मी घरी जाऊन सांगणार आहे. आजपासून सुरुवात करते. त्यानंतर गावात कुणी मला आशाताई म्हणून दारात उभं करील की नाही, माहीत नाही. माफी मागायला मी लिहिलेलं नाही. तेवढं तोंड मला उरलेलं नाही, आणि तू मला माफ केलं नाहीस तरी मी ह्या घरातलं सगळं काम करत राहीन. लिहिलं ते एवढ्याचसाठी की तीन महिने तू जे ओझं आपलं समजून वाहते आहेस ते माझं आहे, मला परत दे. तुझ्या हाताला काहीही लागलेलं नाही. अर्पिताला जवळ घे, आणि आज तिला तुझ्या हातानं भरव.

तुझीच म्हणायचा हक्क राहिला असेल तर,
तुझीच
दिपा